‘केरीआ’ म्हणजे आपलं ‘हवं होतं’

प्रश्न असा आहे: पुढच्या महिन्यात स्पेनला चाललोय, अ‍ॅपवर तिकिटाला ‘बोलेतो’ आणि बुकिंगला ‘रेसेर्बासिओन’ शिकलो, आता मित्र म्हणतो तिकडे असं कोणी बोलत नाही. शिवाय ‘किएरो’ (मला पाहिजे) म्हटलं तर उद्धट वाटतं का?

तर अ‍ॅप चुकीचं नाहीये, फक्त ते मेक्सिकोचं बोलतंय. स्पेनमध्ये बुकिंग म्हणजे ‘रेसेर्बा’ आणि प्रवासाचं तिकीट म्हणजे ‘बियेते’. मेक्सिकोत बियेते म्हटलं की डोळ्यासमोर नोट येते, पैशांची. अर्जेंटिना-पेरूकडे बसच्या तिकिटाला ‘पासाहे’. आणि स्पेनमध्येच म्युझियम, नाटक वगैरेचं तिकीट ‘एन्त्रादा’, म्हणजे ग्रानादापर्यंतच्या बसचं बियेते पण तिथला आलाम्ब्रा राजवाडा बघायला एन्त्रादा. रिटर्न तिकीट ‘इदा इ बुएल्ता’, मेक्सिकोत त्यालाच ‘रेदोन्दो’ म्हणजे चक्क गोल 😄

तिकीट विकत घेणं याला ‘कोम्प्रार’ चालतंच, पण स्पेनमध्ये लोक सर्रास ‘साकार’ म्हणतात, साकार म्हणजे बाहेर काढणे, म्हणजे आपल्यासारखंच तिकीट काढतात!

आता किएरो. शिवी नाही ती, पण फोनवर अनोळखी माणसाला ‘मला टेबल पाहिजे’ म्हटल्यासारखं जरा धाडकन येतं. आपण वाण्याकडे जाऊन काय म्हणतो, ‘दोन किलो तांदूळ हवे होते’, आणि वाणी कधी विचारत नाही की होते म्हणजे आता नकोत का. स्पॅनिशमध्ये हुबेहूब हेच, भूतकाळ लावला की मागणं मऊ होतं: ‘केरीआ रेसेर्बार उना मेसा पारा दोस’, दोघांसाठी टेबल बुक करायचं होतं. ‘किसिएरा’ त्याहून अदबशीर. यावर तिथल्या वेटर लोकांचा एक घिसापिटा विनोद आहे, तुम्ही केरीआ म्हणालात की ते म्हणतात, ‘हवं होतं? आता नको का?’ मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खरंच गडबडून व्याकरण सुधारायला लागले होते, तुम्ही नुसतं हसा. बारमध्ये मात्र एवढी अदब कोणी पाळत नाही, ‘मे पोनेस उन काफे?’, एक कॉफी देतोस का, बस.

वेळ सांगताना रात्रीचे नऊ म्हणजे ‘आ लास नुएबे’. सात वाजताचं टेबल मागू नका, बऱ्याच ठिकाणी तेव्हा किचनच सुरू झालेलं नसतं. आणि अपॉइंटमेंट या अर्थाचा ‘सीता’ शब्द हॉटेलात वापरू नका, तो डॉक्टरकडे, सरकारी ऑफिसात (किंवा डेटवर). वाइनच्या यादीत ‘रेसेर्बा’ दिसलं तर टेबल कोणी अडवलेलं नाहीये, ती निदान तीन वर्षं मुरवलेली रेड वाइन आहे.

शेवटी ते विचारतील ‘आ नोम्ब्रे दे किएन?’, कोणाच्या नावाने. इथे आडनाव जोशी-जाधव असेल तर सांभाळा, कारण स्पॅनिशमध्ये जे या अक्षराचा उच्चार घशातून ह-खच्या मधला होतो आणि आपला श त्यांच्याकडे नाहीच, त्यामुळे दारात कोणी यादी बघून ‘होसी, होसी’ असं ओरडत असेल तर उठा, ते तुम्हालाच बोलावतायत.