अनेक डोमेन आणि प्रमाणपत्रावरचे नेटवर्क लॉगिन : वाचकांचे प्रश्न

स्विचच्या पोर्टवर किंवा वाय-फायवर ८०२.१एक्स (ओळख पटल्यावरच नेटवर्कमध्ये घेण्याचे मानक) लावून संगणकांना प्रमाणपत्राच्या आधारे आत घेण्याची पद्धत एकाच डोमेनमध्ये (एकत्र सांभाळलेल्या खात्यांच्या व संगणकांच्या समूहात) सहसा विनातक्रार चालते. डोमेन दोन-तीन झाली, की तक्रारी सुरू होतात. या वेळचे प्रश्न त्यांतलेच आहेत. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (खात्यांची व संगणकांची मध्यवर्ती नोंदवही) आणि प्रवेशाच्या विनंत्या तपासणारा मायक्रोसॉफ्टचा नेटवर्क पॉलिसी सर्व्हर, म्हणजे एनपीएस, गृहीत धरून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन फॉरेस्ट (डोमेनचे स्वतंत्र समूह) असून त्यांच्यात दुतर्फा ट्रस्ट, म्हणजे एकमेकांची खाती मानण्याची व्यवस्था, आहे. पहिल्या फॉरेस्टमधील एनपीएसवर दुसऱ्या फॉरेस्टचे वापरकर्ते पासवर्डने व्यवस्थित लॉगिन करतात. पण ईएपी-टीएलएस (प्रमाणपत्राने ओळख पटवण्याची पद्धत) लावले की त्यांनाच प्रवेश नाकारला जातो. ट्रस्ट दोनदा तपासला, तो ठीक आहे. मग अडते कुठे?

ट्रस्ट ठीक आहे हे पासवर्डच्या लॉगिननेच सिद्ध केले आहे, तेव्हा त्याच्यामागे आणखी वेळ घालवू नये. पासवर्डच्या बाबतीत एनपीएस स्वतः निर्णय घेत नाही. वापरकर्त्याकडून आलेले उत्तर तो आपल्या डोमेन कंट्रोलरकडे (डोमेनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे) देतो, तेथून ते ट्रस्टच्या वाटेने दुसऱ्या फॉरेस्टमध्ये जाते आणि निकाल त्याच वाटेने परत येतो. प्रमाणपत्र आले की हे चित्र बदलते. प्रमाणपत्राची साखळी विश्वासातल्या रूटपर्यंत (सर्वांत वरच्या प्रमाणपत्रापर्यंत) पोहोचते का, ते रद्द झालेले नाही ना, ते देणारी सीए, म्हणजे प्रमाणपत्रे देणारी यंत्रणा, लॉगिनसाठी मान्य सीएंच्या आपल्या फॉरेस्टच्या ‘एनटीऑथ’ यादीत आहे का, आणि त्यात लिहिलेल्या नावाचे खाते कुठे सापडते, हे सगळे एनपीएसला स्वतः पाहावे लागते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींचा डोमेनच्या ट्रस्टशी काडीचाही संबंध नाही. दोन फॉरेस्टचा एकमेकांवर विश्वास असला, म्हणून त्यांच्या सीएंचा एकमेकांवर विश्वास बसत नाही.

येथे बहुतेक जण दुसऱ्या फॉरेस्टचे रूट प्रमाणपत्र आणि सीए पहिल्या फॉरेस्टमध्ये प्रकाशित करतात. त्याने लॉगमधला कारण कोड २६५, म्हणजे अविश्वासू सीएची तक्रार, नाहीशी होते. लॉगिन मात्र तरीही अडून राहते. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांत याबद्दल संदिग्धता नाही : फॉरेस्ट ओलांडून ईएपी-टीएलएस किंवा पीईएपी-टीएलएस (त्याचेच संरक्षित आवरणातले रूप) वापरायचे असेल, तर रेडियस प्रॉक्सी, म्हणजे लॉगिनच्या विनंत्या दुसऱ्या सर्व्हरकडे पोहोचवणारा मध्यस्थ, लागतो. म्हणून पहिल्या एनपीएसवर ‘कनेक्शन रिक्वेस्ट पॉलिसी’ करावी, वापरकर्त्याच्या नावातील डोमेनचा भाग पाहून दुसऱ्या फॉरेस्टच्या विनंत्या वेगळ्या काढाव्यात आणि त्या तिकडच्या एनपीएसकडे पाठवाव्यात. प्रमाणपत्राची तपासणी मग त्याच्या घरीच होते. शिवाय वापरकर्त्याच्या संगणकापुढे त्याच्याच फॉरेस्टमधील सर्व्हरचे प्रमाणपत्र येते, ज्याच्या रूटवर तो आधीपासून विश्वास ठेवतो. त्यामुळे एक वेगळी डोकेदुखी आपोआप टळते.

प्रॉक्सी उभा करताना दोन गोष्टी हमखास निसटतात. तिकडच्या एनपीएसला ‘क्लायंट आयपी’ म्हणून स्विचचा नव्हे, तर प्रॉक्सीचा पत्ता दिसतो, म्हणून त्या पत्त्यावर बेतलेल्या जुन्या पॉलिसी लागू होत नाहीत. तसेच व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला विभाग) कोणता द्यायचा हे आता तिकडचा सर्व्हर सांगणार असल्यामुळे व्हीलॅनचे क्रमांक दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून घ्यावेत.

प्रश्न : फॉरेस्ट एकच आहे. त्यात नवे चाइल्ड डोमेन जोडले. जुन्या डोमेनचे संगणक आत येतात, नव्या डोमेनचे येत नाहीत. सीए एकच, टेम्प्लेटही (प्रमाणपत्राचा साचाही) एकच. लॉगमध्ये कोड ४८ दिसतो.

कोड ४८ म्हणजे एकही नेटवर्क पॉलिसी जुळली नाही. प्रमाणपत्रात दोष शोधण्याचे कारण नाही; एनटीऑथची यादी संपूर्ण फॉरेस्टला एकच असते. पॉलिसीच्या अटींत ‘डोमेन कम्प्युटर्स’ हा गट घातलेला असणार. हा गट प्रत्येक डोमेनचा वेगळा असतो आणि अटीत दिसणारा गट जुन्या डोमेनचाच आहे. नव्या डोमेनचा गट जोडावा, किंवा दोन्ही गट एका युनिव्हर्सल गटात घालून पॉलिसीत तो एकच ठेवावा. नव्या डोमेनमध्ये डोमेन लोकल प्रकारचा गट करून तो अटीत वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण दुसऱ्या डोमेनमधील सर्व्हरवर त्या गटाचे सदस्यत्व दिसतच नाही.

हे करतानाच एनपीएसचे संगणक-खाते नव्या डोमेनच्या ‘आरएएस अँड आयएएस सर्व्हर्स’ गटातही घालावे. एनपीएसची नोंदणी एका डोमेनमध्ये झाली म्हणून दुसऱ्या डोमेनमधील खात्यांचे डायल-इन गुणधर्म वाचण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

प्रश्न : दोन्ही फॉरेस्टमधील सर्वांना ईमेलसारखेच, एकाच शेपटाचे (@ नंतरच्या भागाचे) यूपीएन, म्हणजे लॉगिनचे नाव, दिले आहे. आता दुसऱ्या फॉरेस्टच्या वापरकर्त्यांसाठी ‘असे खाते नाही’ अशी नोंद येते. खाते तर डोळ्यांसमोर आहे!

खाते आहे, पण सर्व्हर ते चुकीच्या घरी शोधतो आहे. फॉरेस्ट ट्रस्टमध्ये कोणत्या शेपटाचे नाव कोणत्या फॉरेस्टकडे पाठवायचे याची एक यादी असते. तेच शेपूट दोन्हीकडे नोंदवलेले असेल, तर ते वादग्रस्त ठरते आणि त्यापुरती वाट बंद राहते. पहिल्या फॉरेस्टचा सर्व्हर मग ते नाव आपल्याच ग्लोबल कॅटलॉगमध्ये (फॉरेस्टमधील सर्व खात्यांच्या सूचीत) शोधतो, तेथे ते मिळत नाही आणि लॉगमध्ये कोड ८ पडतो. ट्रस्टच्या गुणधर्मांत ‘नेम सफिक्स राउटिंग’ हा टॅब उघडला, की त्या शेपटासमोर वाद असल्याची खूण दिसेल.

ट्रस्टमध्ये यावर उपाय नाही. उपाय नावांत आहे. दुसऱ्या फॉरेस्टला वेगळे शेपूट द्यावे आणि नव्या यूपीएनसह प्रमाणपत्रे पुन्हा काढावीत, कारण जुन्या प्रमाणपत्रांत जुने नाव कोरलेले असते. प्रॉक्सी लावूनही ही अडचण सुटत नाही. नावच सारखे असेल तर प्रॉक्सी तरी कशाच्या आधारे वाटणी करणार? नावे बदलणे शक्यच नसेल, तर वापरकर्त्याऐवजी संगणकाच्या प्रमाणपत्रावर प्रवेश द्यावा, असे मी सुचवेन. संगणक स्वतःचे नाव ‘होस्ट/’ आणि त्यापुढे डीएनएसमधील पूर्ण नाव असे सांगतो, आणि डीएनएसची डोमेन सहसा दोन फॉरेस्टमध्ये सारखी नसतात.

प्रश्न : वर्षानुवर्षे चाललेले लॉगिन विंडोजच्या अपडेटनंतर बंद पडले. एनपीएसवर कोड १६, म्हणजे ‘ओळख जुळत नाही’, एवढेच दिसते. प्रमाणपत्रांची मुदत शिल्लक आहे.

एनपीएसचा लॉग येथे अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी वापरकर्त्याच्या डोमेनमधील डोमेन कंट्रोलरवर आहे. तेथील सिस्टिम लॉगमध्ये केडीसीच्या (कंट्रोलरवरील ओळख तपासणाऱ्या सेवेच्या) ३९, ४० किंवा ४१ या क्रमांकांच्या नोंदी शोधाव्यात. अनेक डोमेनच्या मांडणीत लोक नेमके येथेच चुकतात आणि सर्व्हरच्या डोमेनमधील कंट्रोलर चाळत बसतात.

याचे मूळ मे २०२२ च्या सुरक्षा अपडेटमध्ये आहे. प्रमाणपत्रात केवळ नाव जुळणे तेव्हापासून कमकुवत पुरावा मानले जाते. प्रमाणपत्र आणि खाते यांची बळकट सांगड हवी असते. सुरुवातीला केडीसी अशा प्रकरणांत फक्त इशारा नोंदवत असे. ११ फेब्रुवारी २०२५ च्या अपडेटने सक्तीची पद्धत मूळ सेटिंग बनवली आणि रजिस्ट्रीतून सवलत घेण्याची सोयही त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये संपली. नोंद ३९ असेल तर बळकट सांगड सापडलेली नाही, ४० असेल तर प्रमाणपत्र खात्याहून जुने आहे, आणि ४१ असेल तर प्रमाणपत्रातील एसआयडी (खात्याचा एकमेव ओळख-क्रमांक) खात्याच्या एसआयडीशी जुळत नाही. एका डोमेनमधून दुसऱ्यात हलवलेल्या खात्याला नवा एसआयडी मिळतो. त्याने जुनेच प्रमाणपत्र वापरत राहिल्यास ४१ दिसणे साहजिक आहे.

प्रमाणपत्रे पुन्हा काढणे हा सरळ उपाय आहे. अद्ययावत एंटरप्राइज सीए डिरेक्टरीतून नाव घेणाऱ्या टेम्प्लेटवर एसआयडीचे एक्स्टेंशन आपोआप घालते. विनंतीतच नाव देणाऱ्या टेम्प्लेटवर किंवा बाहेरच्या सीएकडून आलेल्या प्रमाणपत्रांत ते नसते. मोजक्याच खात्यांचा प्रश्न असेल, तर खात्याच्या ‘ऑल्टसिक्युरिटीआयडेंटिटीज’ या गुणधर्मात जारीकर्ता आणि अनुक्रमांक लिहून सांगड घालता येते. तसे करताना अनुक्रमांक बाइटच्या हिशेबाने उलटा लिहायचा असतो. प्रमाणपत्रात ‘१ए २बी ३सी ४डी’ दिसत असेल, तर गुणधर्मात ‘४डी३सी२बी१ए’ असे जाते. जोडीतील दोन अक्षरांचा आपसातील क्रम मात्र तसाच राहतो. जारीकर्त्याच्या नावातील घटकही उलट क्रमाने येतात. प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले, की ही सगळी नोंद नव्याने करावी लागते. शेकडो खात्यांसाठी या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : कोड २५९ येतो. रद्द प्रमाणपत्रांची यादी देणारा सर्व्हर चालू आहे, ब्राउझरमध्येही यादी उघडते.

आपल्या ब्राउझरमध्ये उघडते. एनपीएसला ती मिळते का, हे पाहायला हवे. प्रमाणपत्रातील सीआरएलचा, म्हणजे रद्द प्रमाणपत्रांच्या यादीचा, पत्ता बारकाईने वाचावा. तो ‘एलडॅप’ने सुरू होऊन लगेच तीन तिरक्या रेघा असतील, तर त्यात कोणत्याही सर्व्हरचे नाव नाही. असा पत्ता वाचणारे यंत्र स्वतःच्याच डिरेक्टरीला विचारते, आणि दुसऱ्या फॉरेस्टच्या डिरेक्टरीत ती यादी नसते. एकापेक्षा अधिक फॉरेस्ट असतील तेथे एचटीटीपीचा पत्ता द्यावा आणि तोच यादीत पहिला ठेवावा. आधी दिलेल्या प्रमाणपत्रांत जुनाच पत्ता राहतो, हे लक्षात घेऊन नूतनीकरणाचे नियोजन करावे. तपासणीसाठी वापरकर्त्याचे प्रमाणपत्र एनपीएसवर आणून ‘सर्टयुटिल’ला ‘-व्हेरिफाय’ आणि ‘-यूआरएलफेच’ हे पर्याय द्यावेत. कोणता पत्ता हाती लागला नाही, ते त्यात दिसते. रद्दबातलची तपासणीच बंद करणारी रजिस्ट्रीतील किल्ली दोष शोधण्यापुरती काही मिनिटे वापरावी, पण ती तशीच ठेवली तर हरवलेल्या लॅपटॉपचे रद्द केलेले प्रमाणपत्रही आत येत राहील.

प्रश्न : एका शाखेतून लॉगिन होत नाही आणि एनपीएसवर होकार-नकाराची कोणतीच नोंद उमटत नाही.

नोंद नाही, म्हणजे संभाषण निकालापर्यंत पोहोचलेच नाही. प्रमाणपत्रांची साखळी मोठी असली, की रेडियसचे यूडीपी पॅकेट तुकड्यांत विभागले जाते आणि वाटेतील एखादे फायरवॉल ते तुकडे टाकून देते. छोट्या पॅकेटचे पासवर्डचे लॉगिन त्याच शाखेतून चालत असेल, तर संशय पक्का समजावा. एनपीएसच्या पॉलिसीत ‘फ्रेम्ड-एमटीयू’ हा पॅकेटचा कमाल आकार ठरवणारा गुणधर्म १३४४ किंवा त्याहून कमी ठेवून पाहावा. त्याने फरक पडला नाही, तर वापरकर्त्याच्या संगणकावरील वायर्ड किंवा डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिगचा लॉग उघडावा. सर्व्हरच्या प्रमाणपत्राचे रूट ओळखीचे नसल्यामुळे संगणकच गुपचूप माघार घेत असेल, तर ते फक्त तेथेच दिसते.