रानगवतातला जीन गव्हात येतो कसा, आणि टिकतो किती?

प्रश्न: गव्हावर तांबेरा (बुरशीमुळे होणारा रोग) येऊ नये म्हणून रानटी गवतातले जीन्स गव्हात आणतात असं वाचलं. पण दोन वेगळ्या वनस्पतींचा संकर होतोच कसा? आणि याला जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकीय बदल केलेलं, म्हणायचं का?

उत्तर: होतो, पण सुखासुखी नाही. मुळात आपण खातो तो गहूच अशा संकरातून झालाय, तोही कोणी मुद्दाम न करता. खपलीच्या कुळातला 28 गुणसूत्रांचा गहू आणि एजिलॉप्स टॉशी नावाचं 14 गुणसूत्रांचं रानगवत, या दोघांचा साधारण 8 ते 10 हजार वर्षांपूर्वी संकर झाला आणि 42 गुणसूत्रांचा गहू आला. हे जुळून आलं फार थोड्या वेळा, त्यामुळे त्या गवतातली रोगाशी लढायची ताकद बरीचशी बाहेरच राहून गेली, आणि नवे वाण तयार करणारे ब्रीडर आज तीच शोधतायत. मेक्सिकोतल्या सिमिट या गहू-मका संशोधन संस्थेने तोच संकर पुन्हा हाताने घडवला, म्हणजे ड्युरम हा 28 गुणसूत्रांचा गहू आणि हे गवत यांचा संकर करायचा, कोवळा भ्रूण दाण्यातून काढून काचेच्या नळीत वाढवायचा, कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट करायची, की मग ते रोप नेहमीच्या गव्हाशी सहज जुळतं.

लांबच्या नातेवाइकांचं मात्र अवघड आहे. गव्हात पीएच-1 नावाचा एक जीन असतो, तो परक्या गुणसूत्राला गव्हाच्या गुणसूत्राशी जोडी जमवूच देत नाही. अमेरिकेतले गहू-शास्त्रज्ञ अर्नेस्ट सिअर्स यांनी 1956 मध्ये यावर क्ष-किरणांचा मार्ग काढला. एजिलॉप्स अम्बेल्युलाटा या गवताचा आधी एका रानटी गव्हाशी संकर केला, त्यातून गव्हाकडे आले, मग क्ष-किरणांनी गुणसूत्रं तोडली आणि गवताचा तांबेरा रोखणारा तुकडा गव्हाच्या गुणसूत्राला चिकटलाय अशी रोपं हजारोंमधून शोधून काढली. नुसती चिकाटी! पुढे त्यांनीच पीएच-1 निकामी असलेला गहूही शोधला आणि काम बरंच सोपं झालं.

पण तुकडा आला म्हणजे काम संपलं असं नाही, कारण तो एकटा येत नाही, शेजारचे नको असलेले जीन्सही घेऊन येतो. तांबेरा रोखणारा एलआर-19 हा जीन एका रानगवतातून आला तेव्हा त्याच्यासोबत पिठाला पिवळेपणा देणारा गुण आला आणि वाण मागे पडले. मग चांगल्या गव्हाशी पुन्हा पुन्हा संकर करत तो तुकडा छोटा करत जायचा, यात वर्षांमागून वर्षं जातात आणि याची कोणी बातमी करत नाही, खरं कष्टाचं काम मात्र हेच.

जीएमचं विचाराल तर नाही. हे सगळं संकर आणि निवडीतून होतं, क्ष-किरण वापरले तरी नियमांच्या भाषेत ते जीएममध्ये धरत नाहीत.

प्रश्न: मग असा वाण घेतला तरी काही वर्षांनी त्यावर तांबेरा येतोच, असं का?

उत्तर: कारण बुरशीही बदलते. झाडातला जीन बुरशीचं एखादं प्रथिन ओळखतो आणि तिथल्या पेशी मारून तिला अडवतो, पण बुरशीत ते प्रथिन थोडं जरी बदललं की ओळख पटत नाही, आणि मग लाखो हेक्टरवर एकच जीन असेल तर तिला रान मोकळं. राय या गव्हासारख्या धान्यातून आलेला एसआर-31 हा जीन जगभरातल्या कितीतरी वाणांत होता आणि त्याने काळा तांबेरा (तांबेऱ्याचाच एक प्रकार) कित्येक दशकं रोखला, मग 1998 मध्ये युगांडात त्याला न जुमानणारी बुरशी सापडली, तीच यूजी-99. नंतर तिची आणखी रूपं आली आणि आफ्रिकेबाहेर येमेन, इराणपर्यंत पोचली.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इतक्या मेहनतीने आणलेला जीन एकट्याने शेतात सोडूच नये. एका वाणात तीन-चार जीन्स असतील तर बुरशीला एकाच वेळी तितके बदल करावे लागतात आणि ते जमणं फार कठीण. अडचण अशी की एक जीन असो की चार, रोप सारखंच निरोगी दिसतं, बाहेरून काही कळत नाही. त्यासाठी डीएनए मार्कर, म्हणजे जीन ओळखायच्या डीएनएमधल्या खुणा, वापरतात, कोवळ्या पानाचा तुकडा तपासला की कोणकोणते जीन्स आलेत ते कळतं. जीएमच्या मार्गाने पाच जीन्स एकाच ठिकाणी बसवलेला गहूही 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातले काही रानटी नातेवाइकांचेच होते, आणि शेतातल्या चाचणीत तो काळ्या तांबेऱ्यासमोर चांगला टिकला.