सीमाभागातल्या कॉलेजात वंशभेद आणि अस्मितेच्या प्रश्नावर प्राध्यापकांनी मिळून काम कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या एका डिग्री कॉलेजात नुकतेच लागलात, अमेरिकेतल्या कॉलेजांत असतो तसा प्राध्यापकांचा वंशभेदविरोधी गट काढायची इच्छा आहे, पण स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, "आपल्याकडं वंशभेद कुठाय? आपल्याकडं भांडण एकच, कन्नड-मराठी." हे वाक्य मी नोकरीभर ऐकलंय. ते खोटं आहे, म्हणूनच उत्तर लिहायला बसले.

आमच्याकडं खानापूर तालुक्याच्या जंगलभागातला एक सिद्दी मुलगा बी.एस्सी.ला आला. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे इथले वंशज. ॲडमिशनच्या काउंटरवर त्याचा नंबर आला तसा आतल्या एस.डी.ए.नं, म्हणजे कारकुनानं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून इंग्रजीत विचारलं, "विच कंट्री?" रांगेतली पोरं हसली. तो म्हणाला, "खानापूर, सर." मराठीत. मग जातीच्या दाखल्यावरून अडवणूक सुरू. "सिद्दी एस.टी. फक्त कारवार जिल्ह्यातले," असं एस.डी.ए.चं म्हणणं. उत्तर कन्नड, म्हणजेच कारवार जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीत (एस.टी.) घेतलं हे खरं. पण बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींनाही २०२० मध्ये संसदेनं कायदा करून यादीत घातलंय. तोवर उत्तर कन्नडमधल्या हळियाळचा चुलतभाऊ एस.टी. आणि खानापूरचा नाही, असा कारभार होता. कायदा बदलला तरी आमच्या काउंटरपर्यंत तो पोचला नव्हता. पोराला कागदपत्रं घेऊन परत यावं लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, ऑफिसचा गलथानपणा. पण पहिल्याच महिन्यात पी.डी. सरांनी, म्हणजे खेळाच्या सरांनी, त्याला ग्राउंडवर बोलावलं. सिद्दी म्हणजे धावणारच! याला मागचा इतिहास आहे. क्रीडा प्राधिकरणानं १९८७ मध्ये सिद्दी मुलांना ॲथलेटिक्ससाठी निवडायची योजना काढली होती. योजना काही वर्षांत गुंडाळली, समजूत मात्र मागं राहिली. आमच्या मुलाला रसायनशास्त्रात रस होता आणि प्रॅक्टिकल नेमकं ग्राउंडच्या वेळेला. सेमिस्टरच्या शेवटी केमिस्ट्रीच्या मॅडम हजेरीपट घेऊन माझ्याकडं आल्या. त्याच्या नावापुढं लाल शाईत ओळीनं 'स्पोर्ट्स', 'स्पोर्ट्स', 'स्पोर्ट्स' लिहिलेलं आणि शेवटच्या रकान्यात आय.ए.चे (अंतर्गत मूल्यमापनाचे) मार्क कापलेले. त्यानं स्वतः एकदाही ग्राउंड मागितलं नव्हतं. वर गॅदरिंगच्या कमिटीनं त्याला दमामीचा, म्हणजे सिद्दींचा पारंपरिक, नाच बसवायला सांगितलेलं. तो मला म्हणाला, "मॅडम, मला नाच येत नाही. मला लॅबमध्ये राहू द्या, एवढंच."

आमचा गट इथून सुरू झाला. केमिस्ट्रीच्या मॅडम, कन्नडचे सर, मी आणि लायब्ररियन. कन्नडच्या सरांची नि माझी १ नोव्हेंबरला बोलाचाली बंद असते. ते राज्योत्सवाच्या मिरवणुकीत, आमच्या घरी काळा दिन. पण हा मुलगा घरी कोकणी-मराठी मिसळलेली बोली बोलतो, शाळा कन्नडमधून शिकलाय, आणि दोन्हीकडच्या अस्मितावाल्यांपैकी एकानंही त्याला कधी आपला म्हटलेलं नाही. सर हे स्टाफ मीटिंगमध्ये उभं राहून कन्नडमध्ये बोलले, मी तेच मराठीत. त्याचा परिणाम कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त झाला.

मार्क परत मिळाले. प्रॅक्टिकलच्या वेळी कुणालाच ग्राउंडवर न्यायचं नाही, असं लेखी निघालं. मग इतिहास आणि राज्यशास्त्राच्या लोकांना घेऊन एक सत्र केलं. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेली माणसं घाट चढून या जंगलात कशी आली, तिथून २०२० च्या कायद्यापर्यंत. त्या मुलाला स्टेजवर बोलावलं नाही. हे लक्षात ठेवा. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला नमुना म्हणून उभं करायचं नाही.

आमचे एक सीनियर सहकारी होते, त्यांनी मला भर स्टाफरूममध्ये ऐकवलं होतं की हे सगळं परदेशी खूळ आहे. त्याच परदेशातल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. इतक्या लांबून त्यांना आपली जात दिसते, आणि आपल्याला तासाभराच्या रस्त्यावरचा सिद्दी परदेशी वाटतो! भाषेचं भांडण खरं आहे, मी मराठी आहे, मला ते नको का कळायला? पण त्या भांडणाआड बाकी सगळं झाकलं जातं. भाषेवरून एकमेकांचं तोंड न बघणारे लोक त्या मुलाला "विच कंट्री" विचारताना एकमतानं हसतात.

प्राचार्यांना कसं पटवायचं, हेही विचारलंत. युजीसीच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय, आणि त्यात जातीबरोबर भाषा आणि वंशही येतात. बहुतेक कॉलेजांत हा कक्ष फक्त नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायलीत असतो. त्याचं इतिवृत्त मागा. नसेल तर प्राचार्य स्वतःच तुम्हाला बैठक घ्या म्हणतील.

दोन गोष्टी राहिल्या. तुम्ही नवीन आहात, प्रोबेशनवर असाल तर पत्रावर पहिली सही तुमची नको, एखादा कायम झालेला माणूस पुढं करा. आणि स्टाफमध्ये एखादे दलित किंवा आदिवासी सहकारी असतील तर त्यांना न विचारता निमंत्रक करू नका. बऱ्याचदा त्यांना आधीच पुष्कळ सोसावं लागलेलं असतं. पी.डी. सरांना मात्र पहिल्याच बैठकीला बोलवा, आणि काउंटरवरच्या एस.डी.ए.लाही. आमचे पी.डी. सर मनानं वाईट नव्हते, त्या मुलाचं भलंच करतोय असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. हजेरीपट समोर ठेवल्यावर वाद न घालता वेळापत्रक त्यांनीच बदलून दिलं.