पुणे सोडून बेंगळुरूला जावं का? पगाराआधी मुलीची इयत्ता मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांना पुण्यात महिन्याला १ लाख १० हजार हातात पडतात, बेंगळुरूत १ लाख ४५ हजार मिळतील. वारज्यात स्वतःचा फ्लॅट, कर्ज फिटलेलं. मुलगी सातवीत, सीबीएसईला. चार वर्षांची गाडी. घरदार घेऊन जावं का?

अशा प्रश्नावर लोक पगार, भाडं, हवा आणि ट्रॅफिक यावर भरभरून बोलतात. मुलगी कितवीत आहे, हे कुणी धड विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘डोमिसाइल (राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला) काढून ठेवा, झालं.’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. प्रवेशाची कागदपत्रं तपासून देणं हे माझं काम आहे आणि या एका वाक्यावर विसंबून चांगल्या मार्कांच्या मुलांच्या हातून राज्याच्या जागा जातात. म्हणून आधी हेच सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, ८५ टक्के राज्याच्या राहतात. या ८५ टक्क्यांसाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: डोमिसाइल, दहावी महाराष्ट्रातल्या शाळेतून आणि बारावीही महाराष्ट्रातूनच. बोर्ड कुठलं याला महत्त्व नाही, शाळा कुठे आहे याला आहे. सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर शाळेचं नाव आणि त्यापुढे गाव छापलेलं असतं. तिथे बेंगळुरू दिसलं की डोमिसाइल, रेशनकार्ड, वारज्याचं लाइटबिल, आजोबांचा सातबारा काहीही पुढे केलंत तरी उपयोग नाही. पालक केंद्र सरकारच्या नोकरीत किंवा लष्करात असतील तर बदलीसाठी सवलती आहेत. खाजगी कंपनीने बदली केली किंवा तुम्ही स्वतःहून नोकरी बदललीत, तर नाहीत.

मग पालक म्हणतात, ठीक आहे, तिकडचे होऊन जाऊ. तिकडचं गणित असं. कर्नाटकात राज्याच्या जागेसाठी पात्र व्हायचं तर पहिली ते बारावीपैकी किमान ७ शैक्षणिक वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात झालेली लागतात, शिवाय दहावी किंवा बारावी तिथून उत्तीर्ण. एखाद्या इयत्तेत दोन वर्षं गेली तरी ती एकच मोजतात. त्यासाठी शाळेकडून स्टडी सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्यात कुठली इयत्ता कुठल्या वर्षी हे ओळीने लिहिलेलं असतं आणि खाली गटशिक्षणाधिकाऱ्याची, म्हणजे तिकडच्या भाषेत बीईओची, प्रतिस्वाक्षरी असते.

आता तुमच्या मुलीच्या ओळी मोजा. आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी. पाच. सात व्हायला सहावीच्या पहिल्या दिवशी ती तिथल्या वर्गात असायला हवी होती. म्हणजे या जूनमध्ये गेलात आणि बारावीपर्यंत राहिलात, तर मेडिकलसाठी ती महाराष्ट्राचीही नाही आणि कर्नाटकचीही नाही. उरतो अखिल भारतीय कोटा आणि खाजगी कॉलेजांतल्या सर्वांना खुल्या, भरमसाठ फीच्या जागा. कर्नाटकात आणखी एक वाट आहे: आई किंवा वडिलांपैकी एकाने ७ वर्षं कर्नाटकात शिक्षण घेतलेलं असेल आणि मुलीने अकरावी-बारावी तिथे केली तर चालतं. तुमचं किंवा मिस्टरांचं शिक्षण बेळगाव-धारवाडकडे झालं असेल, तर जुने दाखले आजच शोधा, सगळं चित्र बदलेल.

‘आठवी ते दहावी तिकडे, मग अकरावीला परत येऊ’ हा मधला मार्ग मेडिकलपुरता बाद, कारण दहावी बाहेरची. ‘दहावी इथे करू, मग जाऊ’ हाही बाद, कारण बारावी बाहेरची. मेडिकलचा विचार खरोखर असेल तर एकच मार्ग उरतो: मुलीचं शिक्षण बारावीपर्यंत महाराष्ट्रात.

इंजिनिअरिंगला मात्र डोमिसाइलवाले बरोबर आहेत. एमएचटी-सीईटीत, म्हणजे महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेत, दहावी-बारावी बाहेरून झाली तरी विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल, तर ‘टाइप बी’खाली राज्याच्या जागांवर हक्क राहतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा: ही परीक्षा आपल्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, साधारण २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी. तिकडे राहून ती द्यायची तर पुस्तकं इथली आणून तयारी करावी लागेल. एनआयटी, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्था, यांचा हिशेब पुन्हा वेगळा. तिथल्या निम्म्या जागा ज्या राज्यात एनआयटी आहे तिथल्या मुलांना असतात आणि ‘राज्य’ म्हणजे जिथून बारावी झाली ते. डोमिसाइल तिथे बघतच नाहीत. बारावी बेंगळुरूत केली तर नागपूरच्या व्हीएनआयटीतला स्थानिक कोटा जातो आणि सुरतकलच्या एनआयटीकेतला मिळतो. मला विचाराल तर हा सौदा तोट्याचा नाही. शिवाय कर्नाटकातल्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांची कॉमेडके परीक्षा देशभरातल्या मुलांना खुली आहे, तिला सात वर्षांची अट नाही.

तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, पण लागू असेल तर हे पक्कं समजून घ्या. अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण राज्य बदलल्यावर आपोआप सोबत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हे सांगितलं आणि २०१८ मध्ये घटनापीठाने पुन्हा सांगितलं. त्याच नावाची जात कर्नाटकच्या यादीत असली तरी महाराष्ट्रातून गेलेल्याला तिथल्या राज्याच्या जागेवर तिचा लाभ नाही. ओबीसींच्याही राज्यागणिक याद्या वेगळ्या. केंद्राच्या परीक्षांत अडचण येत नाही. जात पडताळणीचं काम अर्धवट असेल तर ते इथे असेपर्यंत मार्गी लावा. परगावी राहून समितीपुढे तारखांना येणं फार जिकिरीचं.

आता पैसे. ३५ हजारांची वाढ दिसते, ती हातात राहणार नाही. बेंगळुरूत बऱ्या भागात दोन बेडरूमचं भाडं ३८ हजार धरा, वारज्याच्या फ्लॅटचे २२ हजार येतील असं धरा. १६ हजार तिथेच गेले. वारज्याच्या भाड्यावर कर आहे (३० टक्के प्रमाणित वजावट मिळते), सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नसल्याचा आकार) आकारेल, आणि भाडेकरार नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी कायद्याने मालकाची म्हणजे तुमची. शाळेची वाढीव फी आणि गावाकडच्या फेऱ्या धरल्या तर खरी वाढ १० हजारांच्या आसपास उरते. प्रोफेशनल टॅक्सची चिंता नको, घटनेनेच त्याला वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. एवढ्या वाढीसाठी आठवीतल्या मुलीचं घर मोडावं असं मला वाटत नाही. मिस्टरांच्या कामाला तिकडे खरंच वाव असेल, इथे तो विषयच संपलेला असेल, तर गोष्ट निराळी.

डिपॉझिट बघून दचकू नका. आपल्याकडे दोन-तीन महिन्यांचं भाडं घेतात, तिकडे पाच-सहा महिन्यांचं सर्रास आणि जुने मालक अजून दहाचं मागतात. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापून घेण्याची तिथे रीत आहे, म्हणून ती रक्कम आणि डिपॉझिट परत करण्याची मुदत करारातच लिहून घ्या. ‘लीज’ नावाचा प्रकार दाखवतील: काही लाख एकरकमी द्यायचे, भाडं शून्य, दोन-तीन वर्षांनी रक्कम परत. त्यात अजिबात पडू नका. मालकाकडे परत द्यायला पैसे नसले किंवा घरावर आधीच बँकेचा बोजा असला, तर तुमची रक्कम अडकते. घर बघताना कावेरीचं पाणी येतं की फक्त बोअरवेल आणि टँकर, हे मालकाला न विचारता वॉचमनला आणि खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटल्यावर नुसत्या टँकरवर असलेल्या इमारतींचे फार हाल झाले.

गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. क्रम असा: थकलेली चलनं भरा, कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्र घ्या, फॉर्म २८ भरून पुण्याच्या आरटीओची एनओसी काढा. बेंगळुरूत ज्या भागात घर त्या आरटीओत फॉर्म २७, एनओसी, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा द्या, तिथला आजीवन कर भरा. नव्या गाडीला हा कर किमतीनुसार १३ ते १८ टक्के आहे, वर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो. नवीन आरसी हातात आली की उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा महाराष्ट्रात मागता येतो. परताव्याचा कंटाळा लोक करतात आणि हक्काचे पैसे सोडतात. मिस्टरांच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत असतील तर बीएच मालिकेच्या (देशभर चालणाऱ्या) नंबरचा विचार करा, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच.

सामानाच्या ट्रकबद्दल एकच सांगतो. ‘बॉर्डरवर टॅक्स लागला, वीस हजार पाठवा’ असा फोन आला तर तो सरळ खोटा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, लागत नाही. निघण्यापूर्वी खोक्यांना नंबर घाला, तुमच्या आणि पॅकर्सच्या सहीची यादी करा आणि विमा म्हणजे विमा कंपनीची पॉलिसी, पॅकर्सच्या बिलावरची ओळ नव्हे. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ भरा. ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालतं.

भाषेची भीती बाळगू नका. तीन महिन्यांत बाजारापुरतं कन्नड कुणालाही येतं आणि आलेलंच बरं. शाळेला मात्र स्पष्ट विचारा की आठवीत आलेल्या मुलीला कन्नड कुठल्या स्तरावर घ्यावं लागेल. परत यायचं ठरलं तर इकडे २०२० च्या कायद्याने दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे, तेव्हा तिचं मराठी वाचन तुटू देऊ नका.

माझं मत: मेडिकलची इच्छा खरी असेल तर मुलीला हलवू नका. मिस्टरांनी एकट्याने जावं आणि दर सहा महिन्यांनी हिशेब पुन्हा मांडावा. एका खोलीचं भाडं आणि महिन्याला एक फेरी धरली तरी घर हलवण्यापेक्षा खर्च कमी येईल. मेडिकल नकोच असेल आणि जायचंच असेल, तर याच जूनमध्ये जा. सीबीएसईत नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, दहावी-बारावीत शाळा बदलायला मंडळाची परवानगी लागते, त्यामुळे आठवीची सुरुवात ही शेवटची सोपी वेळ.

प्रवेशाचे नियम दरवर्षी नव्या माहितीपुस्तिकेत छापून येतात आणि त्यात बदल होतात. मी लिहिलेलं धरून बसू नका, त्या-त्या वर्षीची पुस्तिका वाचा. अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर अशा सीमाभागातल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना कर्नाटकात वेगळं कलम आहे, ते तुम्हाला लागू दिसत नाही.

जाणार असा वा राहणार असा, मुलीचं आणि तुमच्या दोघांचं डोमिसाइल आत्ताच काढा. १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात: लाइटबिलं, मालमत्ताकराच्या पावत्या, तुमचे शाळेचे दाखले. पुणं सोडल्यावर ते गोळा करणं अवघड जातं. अर्ज आपले सरकारवरून किंवा सेतूतून होतो. निकाल लागल्यावर तिथे झुंबड उडते, तेव्हा मार्चमध्येच टाका. आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथेच खिडकीपाशी उभं राहून जन्मस्थळ, जन्मतारीख आणि आडनावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी ताडून बघा. चूक असेल तर शाळा तेव्हाच दुरुस्त करून देते, बेंगळुरूहून ती करायला दोनदा यावं लागतं.