रेल्वे पुलाच्या रुंद जिन्याला मधोमध रेलिंग कशाला? जागा उगाच कमी नाही का होत?

जागा थोडी जाते, पण रेलिंग नसेल तर तोच जिना जास्त तुंबतो आणि धोकाही वाढतो. एकतर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की दोघांचा स्पीड पडतो, त्यात लोकलमधून उतरलेला लोंढा एकदम येतो आणि अख्खी रुंदी व्यापून टाकतो, मग समोरून येणाऱ्याने जायचं कुठून? दुसरं म्हणजे मधल्या माणसाला धरायला काहीतरी मिळतं. भिंतीकडच्या रेलिंगपर्यंत त्याचा हात पोचतच नाही, आणि गर्दीत एकाचा पाय घसरला की मागचे थांबू शकत नाहीत कारण त्यांच्याही मागून ढकलणं चालूच असतं. अमेरिकन इंजिनियर जॉन फ्रुइन यांनी हे खूप आधी मांडलंय, एका चौरस मीटरमध्ये साधारण ७ माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते, तुम्ही ठरवून हलत नाही, हलवले जाता. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनला (आताचं प्रभादेवी) पुलाच्या जिन्यावर अशाच कोंडीत २३ जण गेले, वर पाऊस म्हणून लोक पुलावरच थांबलेले आणि खालून गाड्यांमधून उतरलेली गर्दी येतच होती.

पण जिनाच अरुंद असेल तर रेलिंगने काही होत नाही, उलट अडचणच. आणि पीक अवरला सगळे एकाच दिशेने जाणार असतील तर मधोमध फिफ्टी-फिफ्टी भाग करणं चूक, जास्त लोंढा ज्या दिशेचा त्या बाजूला जास्त रुंदी द्यायला हवी.