डिफरन्शियलचा बुश घरच्या घरी बदलताना

प्रश्न : माझ्याकडे निसान ३७०झेड ही दोन आसनी गाडी आहे. महिन्यातून एक-दोनदा चोर्ला घाटातून बेळगावला जाणे होते. काही महिन्यांपासून वळणावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मागच्या बाजूने ‘ठक्’ असा आवाज येतो आणि डिफरन्शियलच्या (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) आसपास काळसर ओल दिसते. एका गॅरेजमध्ये तेल अडवणारे सील गेल्याचे सांगून ते बदलून देण्यात आले, परंतु ओल परत आली. डिफरन्शियलचा बुश (धक्के शोषणारी रबरी उशी) फाटला असावा, असे एका मित्राचे मत आहे. हे काम मला घरी करता येईल का, आणि नवीन बुश रबरी घ्यावा की पॉलियुरेथेनचा (रबरापेक्षा कडक कृत्रिम पदार्थाचा)?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या मित्राचे मत बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. या गाडीत डिफरन्शियल ज्या सबफ्रेमला (गाडीखालच्या मागच्या चौकटीला) धरलेले असते, तिच्यात दाबून बसवलेला मोठा बुश साध्या भरीव रबराचा नसून त्याच्या पोटात द्रव भरलेला असतो. धक्के आणि गुणगुण माणसे बसतात त्या डब्यात पोचू नये म्हणून कंपनीने ही योजना केलेली आहे. मात्र रबराला चीर पडली की तो द्रव बाहेर झिरपतो, खालच्या धुळीत मिसळून काळा होतो आणि पाहणाऱ्याला डिफरन्शियलचेच तेल गळते आहे असे वाटते. चांगले सील काढून नवे बसवण्याचा खर्च अनेकांना याच गैरसमजापायी होतो.

म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. पांढऱ्या सुती चिंधीने ती ओल पुसून तिचा वास घ्यावा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. हाताला लागले तर साबणाने दोनदा धुऊनही जेवताना तो जाणवतो. बुशमधल्या द्रवाला तसा वास येत नाही. त्यानंतर गाडी सपाट जागी ठेवून डिफरन्शियलचा तेल भरण्याचा प्लग उघडावा. तेल भोकाच्या कडेपर्यंत असेल तर गळती तेलाची नव्हे, असे समजण्यास हरकत नाही. शेवटी इंजिन बंद असताना एक लांब पहार डिफरन्शियल आणि सबफ्रेम यांच्यामध्ये घालून हलकेच रेटावी आणि बॅटरीच्या उजेडात बुशकडे पाहावे. फाटलेला बुश अशा वेळी चीर उघडून दाखवतो. त्याच बैठकीत प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतच्या दांड्याचे) आणि ॲक्सलचे (तिथून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे) सांधेही हाताने फिरवून पाहावेत, कारण तिथला खेळही असाच ठोका देतो.

ठोका नेमका कशाचा, हे समजले की काम अधिक काळजीने होते. आपण ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा डिफरन्शियलमधला लहान दातेरी गिअर (पिनियन) मोठ्या क्राउन गिअरवर चढू पाहतो आणि डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते. पाय सोडला की ते खाली येते. बुश धड असताना ही हालचाल रबरातच जिरते, फाटल्यावर मात्र लोखंड लोखंडावर आपटते. घाटात तर प्रत्येक वळणावर पाय सुटतो आणि पुन्हा पडतो.

आता घरी करण्याविषयी. करता येते, पण काही अटींवर. पहिली अट जमिनीची. आपल्याकडे पुष्कळ घरांपुढचे अंगण तांबड्या मातीचे किंवा चिऱ्यांच्या भुग्याचे असते, आणि अशा जमिनीवर स्टँड लावून गाडीखाली शिरणे मला मुळीच मान्य नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या एका स्नेह्याने रात्री पाऊस पडून गेलेल्या अंगणात गाडी चार स्टँडवर चढवली. सकाळी एका स्टँडचा पाय चार बोटे जमिनीत रुतला होता आणि गाडी तिरकी झाली होती. तो तेव्हा खाली नव्हता, एवढेच दैव. सिमेंटचा पक्का, सपाट पोर्च असेल तरच सुरुवात करावी, आणि तीही पावसाळा टाळून. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये येतो. गाडी उघडी पडलेली असताना सुटा भाग वेळेवर आला नाही, तर आठवडाभर त्या ओलीत सारे गंजत राहते.

खाऱ्या हवेमुळे गाडीखालचे बोल्ट इथे हट्टी होतात. आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी त्यांच्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. काम करताना तेल काढायचा प्लग खोलण्याआधी भरायचा प्लग खोलून पाहावा. सारे तेल काढून टाकले आणि भरायचा प्लग जागचा हललाच नाही, तर गाडी आहे तिथेच अडकते. सायलेन्सरचा मागचा भाग उतरवल्यावर प्रोपेलर शाफ्टकडे यावे. या गाडीचा शाफ्ट कार्बन फायबरचा आहे. दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) रंगाची एकच सरळ रेघ मारून ठेवावी, म्हणजे जोडताना संतुलन तसेच राहते. शाफ्ट एका टोकाने लोंबकळत सोडू नये, त्यावर हातोडी मारू नये आणि तो शिकंज्यात धरू नये. ॲक्सल सोडवल्यावर तेही तारेने वर बांधावेत. डिफरन्शियल तीस किलोच्या वर भरते. छातीवर तोलून उतरवण्याची ही वस्तू नव्हे. गिअरबॉक्ससाठी मिळतो तसा सपाट माथ्याचा जॅक भाड्याने आणावा आणि सोबत दुसरा माणूस असावा.

यापुढचा भाग सर्वांत कठीण असतो आणि बहुतेकांचे चुकते ते इथेच. जुना बुश सबफ्रेममध्ये घट्ट दाबलेला असतो. तो हातोडी-छिन्नीने ठोकून काढू नये, कारण छिन्नी हमखास सबफ्रेमच्या गाळ्याला (बुश बसतो त्या गोल भोकाला) ओरखडा पाडते आणि अशा गाळ्यात नवा बुश कधीच नीट बसत नाही. गॅसच्या टॉर्चने रबर जाळून काढण्याची पद्धतही मी कोणाला सुचवणार नाही. पेट्रोलची टाकी जवळ असते आणि जळत्या रबराचा धूर बंद पोर्चमध्ये घातक ठरतो. सरळ मार्ग असा : कुंडई किंवा वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून माइल्ड स्टीलचे दोन तुकडे करून घ्यावेत. एक जाड चकती, जिचा व्यास बुशच्या बाहेरच्या कवचापेक्षा किंचित कमी असेल. दुसरा पेला, ज्याच्या पोटात सबंध बुश मावेल आणि ज्याची कड सबफ्रेमवर टेकेल. मधून जाड थ्रेडेड रॉड ओवून नट आवळत गेले की बुश पेल्यात सरकत येतो. त्याआधी बुशवर खूण असेल किंवा रबरात पोकळ्या असतील, तर त्यांची दिशा सबफ्रेमवर खडूने उमटवून फोटो काढून ठेवावा. सुरुवातीला ‘कट्’ असा मोठा आवाज येऊन बुश सुटतो. घाबरू नये, पण चेहरा त्या रेषेत ठेवू नये. इतके करूनही सुटलाच नाही, तर मधले रबर ड्रिलने पोखरावे आणि कवचाला करवतीच्या पात्याने आतून चीर द्यावी. पाते गाळ्याला लागण्याच्या जरासे आधी थांबावे आणि उरलेले कवच आत वाकवून काढावे. यात तासभर जाईल, पण जाऊ द्यावा.

नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला आपल्याला अनेकजण देतील. त्याचा उपयोग होतो, पण थोडाच. ८० मिमी व्यासाचे पोलादी कवच ३० अंशांवरून उणे १८ अंशांवर नेले, तर ते जेमतेम ०.०५ मिमी आकसते. आपल्या दमट हवेत त्यावर लगेच पाण्याचे थेंब जमतात, ते पुसून बुश तातडीने आणि अगदी सरळ आत घ्यावा. दाब बाहेरच्या कवचावरच पडला पाहिजे, मधल्या नळीवर नव्हे.

रबर की पॉलियुरेथेन, याबाबत माझे मत असे की रोजच्या वापरात आणि घाटात चालणाऱ्या गाडीला मध्यम कठीण पॉलियुरेथेन चालते. त्यात द्रव नसल्याने गळतीचा प्रश्नच उरत नाही. डब्यातली शांतता ज्यांना प्रिय असेल, त्यांनी मूळ पद्धतीचाच बुश घ्यावा. ॲल्युमिनियमचा भरीव बुश शर्यतीच्या गाडीसाठी असतो. तो रस्त्यावरच्या गाडीत घालून नंतर पस्तावलेले लोक मला ठाऊक आहेत. पॉलियुरेथेन घेताना जुने कवच गाळ्यातच ठेवायचे की काढायचे, हे खरेदीपूर्वीच वाचावे. पॉलियुरेथेनला सिलिकॉन ग्रीस लावावे. रबराला मात्र साबणाचे पाणी पुरे, साधे ग्रीस रबराला फुगवते.

जोडताना स्वतः आवळून राहणारे नट नवे घ्यावेत आणि प्रत्येक बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क रेंचने आवळावा. सस्पेन्शनचा एखादा आर्म सोडवावा लागला असेल, तर त्याचा शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असताना द्यावा; हवेत आवळले तर त्यातले रबर कायमचे पिळलेले राहते. अशा वेळी व्हील अलाइनमेंटही करून घ्यावी. डिफरन्शियलमध्ये पुस्तिकेप्रमाणे जीएल-५ प्रतीचे तेल भोकाच्या कडेपर्यंत भरावे. जुने तेल गटारात किंवा माडाच्या मुळाशी ओतू नये. आपल्या विहिरी फार दूर नसतात.

प्रश्न : मागच्या महिन्यात डिफरन्शियलला पॉलियुरेथेनचा बुश बसवला. ठोका गेला, पण ८० च्या वेगाच्या आसपास बारीक गुणगुण ऐकू येते. काही बिघडले आहे का?
— एक वाचिका, साखळी

उत्तर : आवाज एका ठरावीक वेगालाच येत असेल आणि पहिल्या दिवसापासून तेवढाच राहिला असेल, तर तो गिअरच्या दात्यांचा नेहमीचाच आवाज आहे, जो पूर्वी मऊ रबर गिळून टाकत असे. तो दिवसेंदिवस वाढत असेल, तर मात्र आधी तेलाची पातळी पाहावी. सोबत गाडीचा थरथराटही जाणवत असेल, तर शाफ्टच्या फ्लँजवरच्या खुणा जुळतात का, ते तपासावे.