‘मॅडम, मी पण त्या जॅकसारखा होणार का?’

वेगवेगळ्या शब्दांत हा प्रश्न थेरपीला येणारे बरेच नवे बाबा विचारतात, म्हणून एकाची गोष्ट सांगते, ओळख लपवून.

मुलगी दीड वर्षाची. एका रात्री ती झोपल्यावर ह्याने ‘द शायनिंग’ बघितला, 1980 चा कुब्रिकचा, स्टीफन किंगच्या 1977 च्या कादंबरीवरचा, बर्फात अडकलेलं हॉटेल, भुतं आणि कुऱ्हाड घेऊन बायकोपोराच्या मागे लागलेला बाप जॅक. दुसऱ्या दिवशी पोरीला भरवताना डोक्यात आलं, मीच हिला काही केलं तर? झालं, तेव्हापासून तिला उचलणं बंद, आंघोळ घालणं बंद, विळी माळ्यावर, सुऱ्या कपाटात लॉक. बायकोला वाटलं ह्याला पोरगी नकोशी झालीय, आणि हा तिला खरं सांगायला घाबरतोय.

मी म्हटलं, चल, जॅकबद्दलच बोलू. भुतं भेटायच्या कितीतरी आधी त्याने दारूच्या नशेत पोराचा खांदा निखळवलेला, आणि पुढे त्याला आपलंच बरोबर वाटत जातं, चुका सगळ्या बायकोच्या नि पोराच्या. तुझं काय? पीत नाहीस, हात कधी उचलला नाहीस, नुसत्या विचाराने तुला घाम फुटतो. बराच वेळ रडला तो.

असे नकोसे विचार खूप नव्या आईबाबांना येतात, कोणी बोलत नाही एवढंच. ओसीडी म्हणजे नकोसे विचार पुन्हापुन्हा येऊन छळतात तो आजार, त्यात माणूस त्या विचाराला घाबरून सगळं टाळायला लागतो आणि टाळल्यामुळेच विचार अजून चिकटतो. पण ज्याचा खरंच हात उठतो, पिणं सुटत नाही किंवा मारायला सांगणारे आवाज ऐकू येतात त्याची केस वेगळी, तिथे आधी मूल सुरक्षित जागी आणि लगेच सायकॅट्रिस्ट. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फ्री आहे, चोवीस तास.

ह्यालाही सायकॅट्रिस्टकडे पाठवून हा ओसीडीच आहे ना ह्याची खात्री करून घेतली. दुसऱ्या सेशनला बायकोला सोबत बोलावलं, ती सगळं ऐकून एवढंच म्हणाली, “अरे मग सांगायचं ना.” मग हळूहळू विचार आला तरी पळायचं नाही ही प्रॅक्टिस, आधी नुसती विळी खाली काढून ओट्यावर ठेवायची, मग पोरगी समोर खेळताना सुरीने काकडी चिरायची, आणि ‘मी काही करणार नाही ना’ असं कोणालाच विचारायचं नाही. पहिल्या दिवशी हात इतका थरथरत होता की चार फोडींवरच थांबला.

आठव्या सेशनला म्हणाला, “काल आला होता विचार, पण मॅडम, ती भात थुंकत होती, मला तिकडे बघायचं होतं.”